दगडावरचा तो हिरवा ठिपका

माझ्या खाऱ्या पाण्याच्या मेन टँकमध्ये नवा रॉक, म्हणजे समुद्रातला दगड, ठेवून १९ दिवस झाले होते, मी पंप काढून साफ करत होते आणि धाकटी बहीण काचेला नाक लावून बसलेली, ती म्हणाली, "ताई, इथे काहीतरी हिरवं आहे, शेवाळ नाही वाटत, चमकतंय." मी म्हटलं असेल काहीतरी, नंतर बघते. त्या दगडाकडे मी कोरल, म्हणजे प्रवाळ, म्हणून बघतच नव्हते. ज्यांनी आपला टँक बंद करताना तो मला दिला त्यांनी सांगितलं होतं की यावर जे होतं ते सगळं मेलंय, नुसता लाईव्ह रॉक (बारीक जीव वस्ती करून असलेला दगड) म्हणून वापरा, आणि मी ते तसंच धरून चालले होते. रात्री भिंग घेऊन बसले तेव्हा दिसलं, टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडा मोठा हिरवा ठिपका, एका जुन्या वाटीच्या अगदी तळाशी. तिथून पुढचे सहा महिने मी त्या ठिपक्याच्या मागे आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण मला तेव्हा असं कोणी सलग सांगितलं असतं तर बऱ्याच चुका टळल्या असत्या.

आधी दगडाबद्दल. दोन दगड होते. त्यातल्या मोठ्या दगडाच्या एका बाजूला मुठीएवढा गोल उंचवटा, मधमाशांच्या पोळ्यासारखा दिसणारा पण खाने षटकोनी नाहीत, गोलसर वाट्या, प्रत्येक वाटी ८ ते १० मिलिमीटर रुंद आणि आत कडेकडून मध्याकडे जाणाऱ्या उभ्या पातळ पट्ट्या. हा दगडी कोरलचा सांगाडा. प्रत्येक वाटीत एकेकाळी एक पॉलिप राहत होता, म्हणजे ते सगळं कोरल दिसायला एक असलं तरी मुळात बारक्या प्राण्यांची वसाहत. मी २३ वाट्या मोजल्या. रंग मळकट पांढरा, मध्ये मध्ये हिरवट, कडेला तपकिरी शेवाळाची लव.

टँकमध्ये घालायच्या आधी मी दोन्ही दगड पाच आठवडे झाकण लावलेल्या टबात ठेवले होते, अंधारात, हीटर आणि एक पंप लावून, खारं पाणी ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ). अंधारात ठेवतात ते शेवाळ मरावं म्हणून, आणि दगडावर जे काही मेलेलं सडत असेल त्याचा अमोनिया टबातच निघून जावा म्हणून. अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबले ते बरोबरच केलं. पण टबात टाकायच्या आधी मी तो उंचवटा ब्रशने घासला होता. निम्मा. उरलेला निम्मा घासायचा राहिला कारण हात दुखायला लागला. आज जिवंत असलेलं सगळं त्या न घासलेल्या निम्म्यात आहे. दुसऱ्या निम्म्यात काही होतं का, हे आता मला कधीच कळणार नाही आणि ते मला अजून लागतं.

ब्रशचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट इथेच सांगते, ती कोरल वाचवण्यापेक्षा महत्त्वाची आहे. अनोळखी लाईव्ह रॉक कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका, गरम पाण्याने धुवू नका, पाण्याबाहेर जोरात घासू नका. पॅलिथोआ नावाचे मऊ, बटणासारखे पॉलिप अशा दगडांवर असू शकतात आणि त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, १९७१ मध्ये हवाईमधल्या पॅलिथोआतून ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं, आणि माहीत असलेल्या सगळ्यात जहाल नैसर्गिक विषांमध्ये ते मोजलं जातं. दगड उकळल्यावर त्याच्या वाफेने घरातली सगळी माणसं आजारी पडून दवाखान्यात गेल्याच्या घटना झालेल्या आहेत. हातमोजे आणि चष्मा घालूनच दगड हाताळायचा, हाताला कापलेलं असेल तर हातच घालायचा नाही. मी पहिल्यांदा घासलं तेव्हा हातमोजे घातले नव्हते. काही झालं नाही, पण ते नशीब.

तर ठिपका. हिरवं दिसलं की लगेच कोरल म्हणायचं नाही हे मला तेवढं माहीत होतं, कारण लाईव्ह रॉकवर हिरवं, लाल, तपकिरी शंभर गोष्टी उगवतात. याच दगडावर आधी मला लालभडक, डाळीच्या दाण्याएवढे, खडबडीत कडक ठिपके सापडले होते आणि मी आनंदाने कोरल कोरल करत बसले होते, ते निघाले होमोट्रेमा, म्हणजे फोरॅमिनिफेरा, एका पेशीचा जीव जो स्वतःभोवती लाल कवच बांधतो. बर्म्युडाच्या किनाऱ्यावरची वाळू गुलाबी दिसते ती याच्या तुटलेल्या कवचांमुळे. कोरल नव्हतं, पण काय सुंदर गोष्ट आहे! त्याशिवाय पांढऱ्या बारीक गोगलगाईसारख्या गुंडाळलेल्या नळ्या, त्या स्पायरॉर्बिड किड्यांच्या. दगडाच्या खालच्या सावलीत पिवळसर स्पंज. जांभळा गुलाबी थर म्हणजे कोरलाईन शेवाळ, नावात कोरल आहे आणि दगडासारखं कडकही लागतं पण आहे शेवाळच. यातल्या प्रत्येकाला मी एकदा तरी कोरल समजलेय.

पहिली टेस्ट अगदी साधी. एक लांब पिपेट घेतलं, पंप बंद केले आणि दोन इंचावरून ठिपक्यावर हलकं पाणी सोडलं. सायनोबॅक्टेरियाचा थर किंवा सुटं शेवाळ असेल तर ते उडतं, सालपट निघाल्यासारखं. हा उडाला नाही. पण उडालं नाही म्हणजे कोरल असंही नाही, बबल अल्गी नावाचं हिरव्या मण्यांसारखं शेवाळ असतं तेही घट्ट चिकटलेलं असतं, फक्त ते काचेच्या गोळीसारखं फुगीर, गुळगुळीत, चकचकीत दिसतं. माझा ठिपका फुगीर नव्हता. तो वाटीच्या आतल्या पट्ट्यांवर अंथरल्यासारखा होता, पट्टीच्या उंचवट्यावरून वर चढून पुन्हा खाली उतरलेला, ओला कपडा काठीवर टाकल्यावर दिसतो तसा.

आता जी गोष्ट मला सगळ्यात उपयोगी पडली ती सांगते. जिवंत पण फिकं पडलेलं कोरल आणि मेलेला सांगाडा, दोन्ही पांढरेच दिसतात. कोरलचा तपकिरी रंग मुख्यतः त्याच्या टिश्यूत, म्हणजे जिवंत मऊ थरात, राहणाऱ्या झूझँथेली नावाच्या सूक्ष्म शैवालामुळे असतो, कोरलला लागणाऱ्या अन्नाचा मोठा भाग तेच प्रकाशावर बनवून देतं, आणि उष्णता वाढली किंवा फार दिवस अंधार मिळाला की हे शैवाल निघून जातं आणि टिश्यू पारदर्शक होते, मग खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. त्याला ब्लीचिंग म्हणतात. ब्लीच झालेलं कोरल मेलेलं नसतं, उपाशी असतं. माझा दगड पाच आठवडे अंधारात होता, म्हणजे त्यावर काही जिवंत असतं तर ते पांढरंच दिसणार होतं!

मग फरक कसा ओळखायचा? मेलेल्या सांगाड्यावर काही दिवसांतच शेवाळाची लव धरते, कारण तिथे थोपवणारं कोणी नाही. जिवंत टिश्यू असेल तर ती जागा स्वच्छ राहते, आजूबाजूला सगळं तपकिरी झालं तरी तेवढाच भाग पांढरा किंवा काचेसारखा. दुसरं म्हणजे पट्ट्यांच्या कडा. मेलेल्या वाटीत भिंगातून बघितलं तर त्या कडा करकरीत, दातेरी, अगदी बोचतील अशा दिसतात. जिवंत वाटीत त्याच कडा जरा बोथट, मऊ, वरून पातळ जेली ओतल्यासारख्या. हे वाचायला सोपं वाटतं पण नजर बसायला मला चार दिवस लागले, शेजारशेजारच्या दोन वाट्या आलटून पालटून बघत होते, ही, मग ती, मग परत ही. चौथ्या दिवशी एकदम दिसलं, आणि मग न दिसणं शक्य नव्हतं. ठिपक्याच्या भोवती त्या वाटीचा जवळपास अर्धा तळ स्वच्छ होता. म्हणजे हिरवा ठिपका हा नुसता रंग उरलेला भाग होता, टिश्यू त्याच्याहून मोठी होती. आणि शेजारच्या वाटीतही एका कोपऱ्यात तसाच स्वच्छ तुकडा, ज्याच्याकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

त्या रात्री बहिणीला झोपेतून उठवून दाखवलं. ती म्हणाली मी म्हटलं होतं ना.

तरी मला खात्री नव्हती, कारण सांगाड्याच्या बाकीच्या भागातही हिरवट छटा होती. ही छटा फसवते. ऑस्ट्रिओबियम नावाचं शेवाळ कोरलच्या सांगाड्याच्या आत, दगडात बोगदे पाडून राहतं, अगदी जिवंत कोरलच्या पोटातही ते असतं आणि टिश्यू गेली की त्याला जास्त प्रकाश मिळतो आणि सांगाडा हिरवा दिसायला लागतो. मग माझं हिरवं वरचं की आतलं?

याचं उत्तर निळ्या लाईटने मिळालं. टँकच्या लाईटमध्ये निळा चॅनल असतो, साधारण ४५० नॅनोमीटरचा, बाकी सगळे रंग बंद करून फक्त तो ठेवला, खोलीतले दिवे घालवले आणि डोळ्यासमोर पिवळ्या प्लॅस्टिकचा तुकडा धरला. पिवळं फिल्टर निळा प्रकाश अडवतं आणि जे स्वतः चमकतंय तेवढंच दिसतं. सगळा दगड काळा झाला. शेवाळ जिथे जिथे होतं तिथे मंद गडद लाल, कारण हरितद्रव्य निळ्या प्रकाशात लाल चमकतं, उंचवट्यावरची ती हिरवट छटा पण लाल दिसली म्हणजे ते आतलं शेवाळ. आणि त्या लालसर काळोखात एका वाटीत कडक हिरवा, विजेच्या दिव्यासारखा हिरवा, अर्धचंद्र. शेजारच्या वाटीत अजून एक रेघ. अनेक कोरलच्या टिश्यूत असं हिरवं चमकणारं प्रोटीन असतं, झूझँथेली निघून गेली तरी ते उरू शकतं. मी बराच वेळ तशीच बसून राहिले. साध्या उजेडात जे टाचणीच्या डोक्याएवढं होतं ते इथे चांगलं चार मिलिमीटर होतं.

पण नुसत्या चमकण्यावरही विसंबू नका. काही समुद्रफुलं, म्हणजे सी अनिमोन नावाचे प्राणी, चमकतात, काही किडे चमकतात, उलट काही कोरल अजिबात चमकत नाहीत. चमक हा एक पुरावा, निकाल नाही.

निकाल रात्री लागला. बरेचसे दगडी कोरल दिवसा पॉलिप मिटून असतात आणि अंधार झाल्यावर टेंटॅकल, म्हणजे तोंडाभोवतीचे बोटांसारखे तंतू, बाहेर काढतात, कारण समुद्रात सूक्ष्म प्राणी रात्री वर येतात. लाईट बंद झाल्यावर दीड तासाने मी लाल टॉर्च घेऊन गेले, पांढऱ्या टॉर्चने ते लगेच मिटतात, लालचा त्यांना फारसा त्रास होत नाही. पहिल्या तीन रात्री काहीच नाही. चौथ्या रात्री वाटीच्या कडेला केसासारखे चार पाच पारदर्शक तंतू, प्रत्येकाच्या टोकाला अगदी बारीक पांढरा ठिपका. मी पिपेटने हलकं पाणी सोडलं आणि ते हळूहळू, अगदी सावकाश आत गेले.

हा वेग लक्षात ठेवा, कारण त्याच दगडाच्या दुसऱ्या टोकाला माझा दुसरा पाहुणा होता आणि तो असा नव्हता. दोन सेंटिमीटर उंच, पारदर्शक तपकिरी देठ, वर लांब टोकदार टेंटॅकलचा झुबका, दिसायला खरं तर कोरलपेक्षा कितीतरी जास्त कोरलसारखा. त्याला पिपेटचं टोक दाखवलं की क्षणात बिळात गायब. हा एप्टेशिया. समुद्रफुलाची जात, दंश करतो, आणि देठाच्या तळाचा कणभर तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवा उगवतो, म्हणून ओढून काढायचा नाही, कापायचा नाही, चिरडायचा तर अजिबात नाही. ओळखायची पक्की खूण म्हणजे तो आत गेल्यावर तिथे काय उरतं ते बघा. एप्टेशिया गेल्यावर नुसतं भोक उरतं. दगडी कोरलचा पॉलिप मिटल्यावर कडक वाटी उरते, पट्ट्यांसकट, लाकडी काडीचं टोक हलकेच टेकवलं तर टणक लागते. मजानो नावाचा त्याचा भाऊबंद असतो, ठेंगणा, टेंटॅकलची टोकं फुगीर, हिरवट, तो तर नवख्यांना हमखास कोरल वाटतो, त्यालाही हीच परीक्षा. आणि फक्त रात्री उघडणारे, प्रत्येक टेंटॅकलच्या टोकाला गोल मणी असणारे बॉल अनिमोनसुद्धा असतात, ते कोरलचे जवळचे नातेवाईक पण सांगाडा नाही. म्हणून माझ्यासाठी सगळं शेवटी एकाच प्रश्नावर येतं, खाली वाटी आहे का आणि वाटीवर अंथरलेलं जिवंत आहे का.

एप्टेशियाला मी चुन्याची घट्ट पेस्ट घातली, कॅल्शियम हायड्रॉक्साईड पाण्यात कालवून, पंप बंद करून सिरिंजने थेट त्याच्या तोंडावर. पेस्टने तिथला पीएच एकदम चढतो आणि तो जळतो. तो कोरलपासून १२ सेंटिमीटर लांब होता म्हणून हे करायचं धाडस केलं, जवळ असता तर दगड बाहेर काढून केलं असतं. एकदाच जास्त पेस्ट टाकू नका, सगळ्या टँकचा पीएच हलतो. तीन आठवड्यांनी तो त्याच भोकातून परत आला, परत पेस्ट, आता नाहीये. मला वाईट याचं वाटतं की अनेक लोक पहिल्याच दिवशी कुठलाही अनोळखी पॉलिप दिसला की हीच सिरिंज उचलतात. दोन रात्री थांबा. दोन रात्रींत एप्टेशिया टँक काबीज करत नाही.

इथे जरा अवांतर, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८ व्या शतकाच्या सुरुवातीला मार्सिली नावाच्या इटालियन अभ्यासकाने ताजं लाल पोवळं समुद्राच्या पाण्यात ठेवलं आणि त्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुलं उमललेली बघितली, त्यावरून ठरलं की पोवळं ही वनस्पती. नंतर १७२० च्या दशकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने तेच केलं, पाण्याच्या भांड्यात पोवळं ठेवून बघत बसला, आणि त्याला ती फुलं पाय हलवल्यासारखी हलताना, डिवचलं की मिटताना दिसली. त्याने सांगितलं हा प्राणी आहे, फुलं नाहीत. पॅरिसच्या अकादमीला ते पटलं नाही, कित्येक वर्षं कोणी मानलं नाही. मी लाल टॉर्च घेऊन स्टुलावर बसलेली असताना मला सारखा हा माणूस आठवायचा. भांडं, समुद्राचं पाणी आणि थांबून बघणं, एवढंच तर त्याच्याकडे होतं.

त्या आठ पाकळ्यांचा पण उपयोग आहे. पोवळं, लेदर कोरल, समुद्रपंखे या सगळ्या ऑक्टोकोरलना प्रत्येक पॉलिपला बरोबर आठ टेंटॅकल असतात आणि प्रत्येकाला पिसासारख्या बाजूच्या शाखा. दगडी कोरलचं गणित सहाचं असतं, सहाच्या पटीत टेंटॅकल, सहाच्या पटीत वाटीतल्या पट्ट्या, निदान मूळ आखणी तरी तशी. माझ्या मेलेल्या वाट्यांमध्ये मी पट्ट्या मोजायचा प्रयत्न केला, मोठ्या पट्ट्यांच्या मध्ये लहान, त्यांच्या मध्ये अजून लहान, मोठ्या झालेल्या वाटीत हिशोब सहज चुकतो, पण लहान वाटीत सहा ठळक आणि सहा आखूड स्पष्ट दिसल्या.

फोटोंबद्दल थोडक्यात, कारण ओळख पटवायला फोटो लागतातच. पंप बंद, काच आतून बाहेरून पुसलेली, फोन काचेला अगदी सरळ समोर धरायचा, तिरका धरला की सगळं धूसर. निळा लाईट कमी करून पांढरा वाढवायचा. आणि बाजूला प्लॅस्टिकची पट्टी, मिलिमीटरच्या खुणांची. मी दर रविवारी त्याच जागेवरून त्याच अंतराने एक फोटो काढत गेले, काचेवर बाहेरून छोटी खूण करून ठेवली होती. रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही, फोटोत दिसते.

मग खायला घालणं. पाचव्या आठवड्यात सुरू केलं. गोठवलेले सायक्लॉप्स (अगदी बारीक कवचधारी प्राणी) टँकच्याच पाण्यात वितळवून, गाळून, पिपेटने दोन चार कण, रात्री, टेंटॅकल बाहेर असताना. आधी नुसतं त्या वासाचं पाणी सोडायचं, दहा मिनिटांनी टेंटॅकल जास्त बाहेर येतात, मग कण. पहिल्यांदा एक कण टेंटॅकलला चिकटला, टेंटॅकल वाकलं, मध्याकडे गेलं, आणि मला पहिल्यांदा तोंड दिसलं, बारीक फट. ती उघडली. शेवाळ खात नाही, स्पंज असं पकडून खात नाही. त्या क्षणी मी मनातल्या मनात "कदाचित" हा शब्द काढून टाकला. त्यानंतर लगेच क्लीनर कोळंबी आली आणि तोंडातला घास काढून घेऊन गेली, तर तेव्हापासून मी प्लॅस्टिकच्या बाटलीचा कापलेला वरचा भाग त्यावर झाकण म्हणून ठेवते, १५ मिनिटं, मग काढते.

पाण्याचे आकडे विचारतात म्हणून देते: खारेपणा ३५ पीपीटी, तापमान २५ ते २६, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर ठेवायची ताकद) ८ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, नायट्रेट ५ ते १०, हे तिन्ही पीपीएममध्ये. नायट्रेट शून्य करायच्या मागे लागू नका, त्या शैवालालाही काहीतरी लागतं. आकडा नेमका किती यापेक्षा तो हलत नाही ना हे जास्त बघा, अल्कलिनिटी तर विशेष. लाईट मी वाढवला नाही, उलट ४० टक्क्यांवर आणला आणि दगड सावलीच्या बाजूला वळवला. कोरल अशक्त आहे म्हणून भरपूर प्रकाश द्यावा असं वाटतं, पण ब्लीच झालेल्या टिश्यूला कडक प्रकाश सोसत नाही. सातव्या आठवड्यापर्यंत पारदर्शक भागावर फिकट तपकिरी झाक आली, म्हणजे झूझँथेली परत वाढत होतं, मग दर आठवड्याला पाच टक्के वाढवत गेले.

सगळ्यात जास्त काळजी कडेची होती. टिश्यू जिथे संपते आणि शेवाळ सुरू होतं ती रेघ. शेवाळाची लव तिथे गाळ धरून ठेवते आणि टिश्यूला पुढे सरकू देत नाही, कधी कधी मागे ढकलते. मी दर दोन तीन दिवसांनी चिमट्याने त्या रेघेच्या बाहेरची लव उपटत होते, टिश्यूला न लागता, आणि पिपेटने गाळ उडवत होते. कंटाळवाणं काम आहे, हात थरथरतो, पण वाढ सुरू झाली ती हे नियमित केल्यावरच. एकदा चिमटा घसरला आणि टिश्यूला लागला, तिथे एक पांढरी चीर पडली. बारा दिवसांनी ती भरून आली.

११ व्या आठवड्याच्या फोटोत दोन वाट्या पूर्ण झाकलेल्या होत्या आणि त्यांच्या मधल्या कठड्यावरून टिश्यू तिसऱ्या वाटीत उतरायला लागली होती. जुना सांगाडा तयारच आहे, त्याला नवा बांधायचा नाहीये, नुसतं अंथरत जायचंय, म्हणून हे एवढ्या वेगाने झालं.

आता नाव. लोक पहिला प्रश्न तोच विचारतात, कुठलं कोरल? माझ्या सांगाड्यात प्रत्येक वाटीला स्वतःचा कठडा आहे आणि दोन वाट्यांच्या मध्ये उथळ चर आहे. शेजारच्या वाट्या एकच भिंत वाटून घेतात तेव्हा ते फेविटिससारखं, आणि भिंती वेगळ्या असतात तेव्हा डिप्सास्ट्रियासारखं, ज्याला टँक ठेवणारे अजून जुन्या सवयीने फेविया म्हणतात. मी डिप्सास्ट्रिया म्हणते, आणि तिथे थांबते. प्रजातीपर्यंत जायचं तर सांगाडा पूर्ण साफ करून मायक्रोस्कोपखाली पट्ट्यांचे दात, वाटीच्या मधला खांब हे सगळं बघावं लागतं. साफ करून म्हणजे वरचं जिवंत सगळं काढून. मेलेल्या बाजूचा तुकडा तोडून बघता येईल असं मला एकांनी सुचवलं, पण त्यासाठी दगडाला छिन्नी लावावी लागेल आणि त्याचा हादरा या बाजूला बसेल. नको. सगळे दगडी कोरल साईटिस या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत, समुद्रातून हे काढताना किती जातं हे वाचलं की हातात आलेल्या दोन वाट्या आपोआप जपल्या जातात.

ज्यांनी दगड दिला होता त्यांना फोटो पाठवले. त्यांचा बराच वेळ काही निरोप नाही, मग आलं, हे माझ्याकडे चार वर्षं होतं, हीटर बिघडून एका रात्रीत सगळं गेलं होतं, मला बघवत नव्हतं म्हणून दिलं. त्यांनी मेलंय सांगितलं यात त्यांची काहीच चूक नाही, या जातीच्या कोरलची टिश्यू वाटीत खोलवर जाते, वरचं सगळं गेलं तरी तळाशी कणभर उरू शकतं, आणि ते कण वरून बघणाऱ्याला दिसत नाहीत. ते पुढच्या महिन्यात बघायला येणार आहेत. मोठं झालं की अर्धं त्यांना परत द्यायचं असं मी ठरवलंय, त्यांना अजून सांगितलं नाहीये.

आज सहा महिने होत आले. सात वाट्या भरल्यात, मध्य हिरवा, कठडे तपकिरी. घासलेल्या बाजूला अजून काही नाही, पण टिश्यूची कड त्या दिशेला सरकतेय, शेवटच्या चार फोटोंत मिळून तीन मिलिमीटर. रात्री एक दोन टेंटॅकल बाकीच्यांपेक्षा खूप लांब निघतात, शेजाऱ्याला दंश करायला, म्हणून त्याच्या आजूबाजूला १५ सेंटिमीटर मी काहीच ठेवलेलं नाही.

आणि पहिली वाटी, जिच्यात तो ठिपका होता, ती गेले तीन आठवडे लांबट दिसत होती. मला वाटलं फोटोचा कोन चुकतोय. परवा रात्री सायक्लॉप्स सोडले तेव्हा बहीण म्हणाली, "ताई, हिला दोन तोंडं आहेत." भिंग घेऊन बघितलं. हे कोरल वाढतं ते असंच, एका पॉलिपचे आतल्या आत दोन होतात आणि मग वाटी हळूहळू मधून भिंत धरते. दोन फटी होत्या, तीन मिलिमीटर अंतरावर. मी प्रत्येकीजवळ एक एक कण सोडला, दोन्हींनी आपापला घेतला.